आधी उशिराचा खटला, मग अपिलाचा

निकाल विरोधात गेला तर तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करायचं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. भावकीचा दावा वर्षानुवर्षं चालला की घरातली माणसं निम्मी वकील होतात, माझे वडील अण्णा तर पाऊण झाले होते. तरीही 2023 च्या सप्टेंबरात बेलीफ दारात आला, दरखास्तीची, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीच्या अर्जाची, नोटीस दादाच्या हातात देऊन सही घेऊन गेला, तेव्हा कळलं की आमचं अपील कुठे दाखलच नाही.

दावा विहिरीचा. सांगली जिल्ह्यात पूर्वेच्या अंगाला आमची द्राक्षबाग आहे. आजोबांच्या वेळची सामाईक विहीर आणि तिच्यातली आमची पाण्याची पाळी. चुलत काकांचं म्हणणं असं की वाटणीत विहीर त्यांच्याकडे गेली आणि आमची पाळी म्हणजे त्यांनी आजवर दाखवलेली मेहेरबानी. तालुक्याच्या कोर्टानं एप्रिलमध्ये त्यांचा दावा डिक्री केला, म्हणजे त्यांच्या बाजूनं हुकूमनामा दिला. अण्णांनी त्या विहिरीतून पाणी घेऊ नये, मोटर काढून घ्यावी, कायमची मनाई. यात खरं कोणाचं, ते इथे लिहीत नाही. अपील चालू आहे, तिथे ठरेल. मी लिहितेय ते अपील कोर्टात आत घेतलं जावं म्हणून काय काय करावं लागलं त्याबद्दल.

झालं होतं असं. निकालाच्या दिवशी अण्णा कोर्टात होते. वकीलसाहेब म्हणाले, काळजी करू नका, अपील करू. तीस दिवस मेच्या सुट्टीत संपतात, त्यामुळे जूनमध्ये कोर्ट उघडेल त्या दिवशी टाकलं तरी चालतं. हे त्यांनी बरोबरच सांगितलं होतं. मुदत कायद्याचं कलम 4 तसंच आहे, शेवटचा दिवस सुट्टीत आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल केलेलं अपील मुदतीत धरतात. एप्रिलअखेर अण्णांनी वकीलपत्रावर सही केली आणि खर्चाचे पैसे साहेबांच्या कारकुनाकडे दिले. मेमध्ये अण्णांना अर्धांगाचा झटका आला. मिरजेला दवाखान्यात ठेवलं, उजवी बाजू गेली होती. जूनमध्ये घरी आणलं. दादानं मधे दोनदा फोन करून विचारलं, उत्तर आलं, "टाकलंय, नंबर पडायचाय." अपिलाला नंबर पडायला वेळ लागतो हे खरंच असल्यामुळे कोणाला शंका आली नाही. दवाखाना, फिजिओथेरपी, बाग, सगळं दादा एकटा बघत होता.

बेलीफ येऊन गेल्याच्या रात्री मी पुण्यातून ई-कोर्ट्सच्या ॲपवर शोधायला बसले. मूळ दाव्याचा सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक खटल्याला मिळणारा तो सोळा अक्षर-अंकांचा, माझ्याकडे होता. त्यात दाव्याचा निकाल, निकालाची तारीख सगळं दिसत होतं. जिल्हा न्यायालयाच्या यादीत अण्णांच्या नावानं शोधलं, काकांच्या नावानं शोधलं, स्पेलिंग बदलून शोधलं. काहीच नव्हतं. अपील प्रलंबित असतं तर तिथे दिसलं असतं. वकील काय सांगतात ते जरूर ऐकावं, पण नंबर कागदावर मागून घ्यावा आणि स्वतः टाकून बघावा, हे मी आता भेटेल त्याला सांगत सुटते. लोकांना कंटाळा येतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी नव्या वकील मिळाल्या, त्यांना आम्ही मॅडम म्हणतो. पहिल्या भेटीत आम्हा दोघांना वाटत होतं की त्या विहिरीचं विचारतील. दादानं वाटणीपत्र, सातबारा, जुने फेरफार पिशवीतून काढून टेबलावर मांडले. त्यांनी ते बाजूला सारले. "ताई, हे नंतर. सध्या तुमच्याकडे अपील नाहीच आहे. सध्या तुमच्याकडे फक्त उशीर आहे. तो आधी चालवायचा." मग त्यांनी कोऱ्या कागदावर उभी रेघ मारली, डाव्या बाजूला तारखा आणि उजव्या बाजूला पुरावा, आणि निकालाच्या दिवसापासून विचारत बसल्या.

तो दीड-दोन तासांचा हिशेब मला जन्मभर पुरेल. मी अकाउंट्समध्ये काम करते, मुदती हा माझा रोजचा धंदा. जीएसटीच्या अपिलाला तीन महिने असतात आणि कारण दाखवलं तर वर एक महिना. त्यानंतर देव आला तरी उपयोग नाही. दिवाणी अपिलात तसं वरचं टोक नाही. मुदत कायदा, 1963, कलम 5: पुरेसं कारण पटलं तर कोर्ट उशिराचं अपील आत घेऊ शकतं, मग उशीर दहा दिवसांचा असो की काही वर्षांचा. मला ऐकून हायसं वाटलं. मॅडम म्हणाल्या, हायसं वाटून घेऊ नका. टोक नाही म्हणजे कोर्टाच्या मनावर आहे, आणि दहा दिवसांचे उशीरही फेटाळलेले मी पाहिलेत.

पहिला प्रश्न, मोजायचं कुठून? निकालाचा दिवस धरत नाहीत. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल मिळवायला लागलेले दिवसही वगळतात, कलम 12 प्रमाणे. समजा निकाल 3 तारखेला लागला, नकलेचा अर्ज 10 तारखेला दिला आणि नक्कल 24 तारखेला तयार झाली, तर 10 ते 24 हे पंधरा दिवस तुमच्या खात्यातून जात नाहीत, तीस दिवसांचे पंचेचाळीस होतात. नकलेच्या शेवटच्या पानामागे शिक्का असतो. अर्ज कधी आला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी, अशा तारखा त्यात हातानं भरलेल्या असतात. नक्कल तयार होऊन खिडकीत पडून राहिली आणि आपण न्यायला उशीर केला, तर ते दिवस आपले. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नकलेचा अर्ज मुदत चालू असताना केलेला पाहिजे. आमच्या बाबतीत तसा अर्जच झाला नव्हता. सप्टेंबरात नव्यानं केलेल्या अर्जानं मागची मुदत वाढत नाही. म्हणजे कलम 12 गेलं. आणि कलम 4 चा फायदा होता तो जूनच्या पहिल्या दिवशी दाखल करणाऱ्याला. तो दिवस हुकला की तेही गेलं, मग सुट्टी धरूनच मोजायचं.

गावात मात्र प्रत्येकाकडे तोडगा होता. एक जण म्हणाला, विरोधी पार्टीनं हरकत घेतली नाही तर मुदतीचं काही नसतं. तसं नाही. कलम 3 सांगतं की समोरच्यानं तोंड उघडलं नाही तरी मुदतबाह्य अपील कोर्टानं स्वतःहून फेटाळायचं. दुसऱ्यानं सांगितलं, कोरोनापासून मुदत सैल आहे. तेही जुनं झालं. सुप्रीम कोर्टानं 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला होता, पण आमचा निकाल 2023 चा. तिसरा सल्ला सगळ्यात गोड होता आणि तो सोसायटीतल्या एका जाणत्या गृहस्थांकडून आला. "डॉक्टरकडनं सहा महिन्यांचं सर्टिफिकेट आणा. झटका आलेला माणूस, कोण नाही म्हणणार?" दादा त्याला तयार झाला होता. ओळखीचे डॉक्टरही होते.

मॅडमनी ते उडवून लावलं. झटका मेमध्ये आला, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड जूनचं, फिजिओथेरपीच्या पावत्या जुलै अखेरपर्यंतच्या. तेवढंच आजारपण लिहायचं, एक दिवस जास्त नाही. "पुढच्या दिवसांचं काय झालं ते खरं लिहू. अपील टाकलंय असं तुम्हाला वाटत होतं म्हणून तुम्ही गप्प होता." दादा म्हणाला, ते कोर्टाला पटेल? त्या म्हणाल्या, पटवावं लागेल.

इथेच खरी अडचण सुरू झाली. खरं लिहायचं म्हणजे आधीच्या वकीलसाहेबांबद्दल लिहायचं. आणि तालुक्याच्या ठिकाणी वकिलाविरुद्ध शपथपत्रावर काही लिहिणं ही साधी गोष्ट नसते. बारमध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, सगळे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसतात. अण्णांचाच जास्त विरोध होता. जीभ जड झालेली, तरी तोडत तोडत म्हणाले, "माणूस वाईट नाही. त्याच्या हातून राहिलं असंल. त्याची भाकरी कशाला काढायची?" मला तेव्हा त्यांचा राग आला. ज्या माणसामुळे बाग वाळायची वेळ आली त्याची भाकरी आम्ही बघायची? पण मॅडमनी मधला रस्ता काढला, आणि आज विचार करते तर तो नुसता सोयीचा नव्हता, जास्त भक्कमही होता. वकिलावर कसलाही आरोप करायचा नाही. हेतू, फसवणूक, निष्काळजीपणा, असले शब्द नकोत. फक्त घटना लिहायच्या: वकीलपत्र दिलं, खर्च दिला, विचारणा केली, दाखल झाल्याचं सांगण्यात आलं. वकिलावर नुसतं खापर फोडणारे अर्ज कोर्टांना रोज दिसतात आणि त्यावर न्यायाधीशांचा पहिला प्रश्न असतो की मग तुम्ही त्यांची तक्रार का केली नाही? घटना मांडल्या तर तो प्रश्नच उभा राहत नाही.

पण घटनांना कागद हवा. यूपीआयनं कारकुनाला पाठवलेले पैसे दिसत होते, पण ते कशासाठी ते कुठे लिहिलेलं नव्हतं. फोन होते, रेकॉर्डिंग नव्हतं. मॅडमनी आम्हाला आधीच्या साहेबांना रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवायला लावलं. दोनच ओळी, आमची सगळी कागदपत्रं परत द्यावीत. आठवड्याभरात कारकून फाईल घरी आणून देऊन गेला. घरात आला नाही, चहा नको म्हणाला, ओट्यावर ठेवून निघाला.

त्या फाईलमध्ये अण्णांनी सही केलेलं वकीलपत्र होतं. तिकीट लावलेलं, जिल्हा न्यायालयाचं नाव टाकलेलं, नंबराची जागा कोरी. अण्णांना सहीखाली तारीख घालायची सवय आहे, शाळेत मास्तरांनी लावलेली, ती इथेही घातलेली होती. एप्रिलची. मॅडम ते बघून प्रथमच हसल्या. तारीख कोणीही मागची घालू शकतो, हे त्यांनाही माहीत होतं. पण सही? झटक्याआधीची अण्णांची सही एका दमात मारलेली, शेवटी लांब शेपूट. झटक्यानंतर उजवा हात परत यायला महिने लागले, आणि आला तेव्हा सही लहान मुलासारखी झाली होती, एकेक अक्षर वेगळं. नव्या वकीलपत्रावर ती नवी सही होती. दोन्ही शेजारी ठेवले की वेगळं सांगायची गरज नव्हती. मेनंतर तो माणूस तशी सही करूच शकत नव्हता, म्हणजे कागद मुदतीतलाच.

ऑक्टोबरात अर्ज दाखल झाला. बरोबर अण्णांचं आणि दादाचं शपथपत्र, अपिलाचा मेमो, नक्कल, कागदांची यादी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 41 मधला 3-अ नियम सांगतो की मुदतबाह्य अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज शपथपत्रासह दिलाच पाहिजे. आमच्या अर्जाला किरकोळ दिवाणी अर्ज म्हणून नंबर पडला, अपिलाला नाही. अपील नुसतं जोडलेलं, वाट बघत बसलेलं. खिडकीवरचा माणूस स्टॅम्प तपासताना सहज म्हणाला, "आईच्या नावावर जमीन असती तर स्टॅम्प लागला नसता." खरं होतं, मालमत्तेच्या वादात महाराष्ट्रात 1994 पासून बायकांना कोर्ट फी माफ आहे. आई शेजारीच उभी होती. म्हणाली, "जमीन असती तर ना."

मला वाटलं आता निदान स्टे मिळेल. त्याच 3-अ नियमाच्या तिसऱ्या पोटनियमानं ती आशाही संपवली. उशिराचा अर्ज प्रलंबित असेपर्यंत, अपील ऐकायचं असं कोर्ट ठरवत नाही तोपर्यंत, हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला स्थगिती द्यायची नाही. उलट मुदत चालू असताना ज्या कोर्टानं निकाल दिला त्याच कोर्टाकडे तात्पुरता स्टे मागता येतो, तशी तरतूद ऑर्डर 41 च्या पाचव्या नियमात आहे. ती खिडकी तीस दिवसांबरोबर बंद होते. उशिराची खरी किंमत मला इथे कळली. अर्ज शेवटी मंजूर होईल की नाही हा पुढचा प्रश्न, पण तोवरचे सगळे महिने तुम्ही उघड्यावर.

आणि समोरच्याकडे वेळच वेळ. साध्या दिवाणी हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागायला बारा वर्षं असतात, कायमच्या मनाई हुकूमाला तर मुदतच नाही, तो कधीही अंमलात आणायला मागता येतो. जिंकलेल्याला अमर्याद काळ, हरलेल्याला तीस दिवस. मला हे अन्यायाचं वाटायचं. आता तितकं वाटत नाही. काकांच्या बाजूनं बघितलं तर त्यांनीही तेवढीच वर्षं तारखा खाल्ल्या होत्या, निकाल मिळाल्यावर तो कधीतरी पक्का व्हायला नको का? तीस दिवसांबद्दल माझी तक्रार नाही. निकाल लागल्यावर पक्षकाराला कोर्टाकडून थेट एक साधा मेसेज, मुदतीचा शेवटचा दिवस अमुक, एवढं जावं, एवढंच वाटतं.

दरखास्तीत काकांनी मागितलं होतं की अण्णांनी मनाई मोडली तर त्यांची मालमत्ता जप्त करावी किंवा त्यांना दिवाणी तुरुंगात ठेवावं. कायद्यात ते आहे, ऑर्डर 21 नियम 32. झटका आलेल्या माणसाला तुरुंग हे वाचून आई दोन दिवस जेवली नाही. मोटर आम्ही त्याच आठवड्यात काढून घेतली आणि तसं लिहून दिलं. हुकूम पटला नाही तरी तो उभा आहे तोवर पाळायचा, यावर मॅडम ठाम होत्या. उशीर माफ करा म्हणून एका कोर्टाच्या दारात उभं राहायचं आणि दुसऱ्या कोर्टाचा हुकूम मोडायचा, असं चालणार नाही. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता, ऑक्टोबर संपताना सरकारनं राज्यातल्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. ऑक्टोबर छाटणी झालेली बाग टँकरनं जगवली. निम्मी. उरलेली निम्मी त्या हंगामात सोडून दिली. त्याचे पैसे कोणत्याच अर्जात मागता येत नाहीत.

नोटिसा बजावण्यात हिवाळा गेला. दाव्यात वादी एक काका नव्हते. त्यांचे भाऊ, एक बहीण आणि मुंबईला असलेले दोन पुतणे होते. मधल्या काळात एक काका वारले होते, त्यांचे वारस शोधून त्यांची नावं घालावी लागली. हे आधी लक्षात आलं म्हणून बरं, मेलेल्या माणसाविरुद्ध अपील टाकलं असतं तर त्यातून वेगळाच गुंता झाला असता. मुंबईची नोटीस "सदर इसम पत्त्यावर मिळून आला नाही" असा शेरा घेऊन परत यायची. तोच पुतण्या गावच्या यात्रेत आमच्या घरी जेवून गेला. दादानं त्याला नोटिशीचं विचारलं तर म्हणाला, "मला कुठं आली?" भावकी अशीच असते, कोर्टात सामनेवाले आणि पंगतीत शेजारी.

मग त्यांचं म्हणणं दाखल झालं. त्यातला मुख्य मुद्दा आम्ही घाबरत होतो तोच: अर्जदाराला सगळं माहीत होतं, आजारपणाचं निमित्त केलं, वकिलाची गोष्ट रचलेली. पुराव्याला अण्णांना पिंजऱ्यात उभं राहावं लागलं. बसून साक्ष द्यायची परवानगी न्यायाधीशांनी स्वतःच दिली. उलटतपासणीत त्यांच्या वकिलांनी हळूच एक कागद काढला, विकास सोसायटीच्या वार्षिक सभेच्या हजेरीपुस्तकाची नक्कल. सभा ऑगस्टअखेरची, आणि हजेरीत अण्णांची सही. "सभेला जाता येत होतं, मग कोर्टात का येता येत नव्हतं?"

सहा महिन्यांचं सर्टिफिकेट जोडलं असतं तर आमचा अर्ज त्या क्षणी संपला असता. आमच्या शपथपत्रात आजारपण जुलैअखेर संपत होतं. अण्णा शांतपणे म्हणाले, "गेलो होतो. पोरानं गाडीवर बसवून नेलं. कोर्टात यायचं काय कारण? अपील टाकलंय असंच ठाऊक होतं." हजेरीपुस्तकातली ती सही, एकेक अक्षर सुटी झालेली, उलट आमच्याच कामाला आली. मॅडमनी न्यायाधीशांसमोर तिन्ही कागद ओळीनं ठेवले: एप्रिलचं वकीलपत्र, ऑगस्टची हजेरी, ऑक्टोबरचं वकीलपत्र.

युक्तिवादात दोन्हीकडून सुप्रीम कोर्टाचे निकाल आले. आमच्या बाजूनं 1987 चा कलेक्टर, लँड ॲक्विझिशन, अनंतनाग विरुद्ध काटिजी. त्यात म्हटलंय की उशिरा येऊन पक्षकाराचा सहसा काही फायदा नसतो, आणि दिवसादिवसाचा खुलासा मागायचा तर मग तासातासाचा आणि सेकंदाचा का नको? त्याच्याही आधीचा 1961 चा रामलाल विरुद्ध रेवा कोलफील्ड्स. त्यातला मुद्दा मला फार आवडला. मुदतीचे तीस दिवस तुम्ही कसे घालवले हे विचारायचं नाही, शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचा तुम्हाला हक्क आहे. खुलासा लागतो तो त्या शेवटच्या दिवसापासून पुढचा. आणि 1981 चा रफिक विरुद्ध मुन्शीलाल, वकिलाच्या हातून राहिलं त्याचा भुर्दंड निरपराध पक्षकाराला नको. त्यांच्या वकिलांनीही तितक्याच जोरात अलीकडचे निकाल दिले. पुरेसं कारण म्हणजे कुठलंही कारण नव्हे, जिंकलेल्या पक्षाला मिळालेला हक्क हलक्या हातानं काढून घेता येत नाही, आणि सगळं वकिलावर सोडून पक्षकाराला झोपता येत नाही. ऐकताना मला दोन्ही खरंच वाटत होतं. हातात निकालांचा गठ्ठा कोणाचा जाड, यावर हे ठरत नाही, एवढं तिथे बसून समजलं. न्यायाधीशांनी निकालपत्रात त्या सगळ्यांना मिळून एक परिच्छेद दिला आणि तीन सह्यांवर दीड पान लिहिलं.

2024 च्या पावसाळ्यात अर्ज मंजूर झाला. पाच हजार रुपये कॉस्ट, म्हणजे खर्चाची भरपाई, ती सामनेवाल्यांना पंधरा दिवसांत द्यायची, न दिल्यास आदेश रद्द समजावा. मुदत हुकल्याची माफी मिळाली तीही अशी मुदत घालून. दादा त्याच दुपारी पैसे भरून पावती घेऊन आला. आधी त्यांच्या वकिलांनी घ्यायला नकार दिला, हायकोर्टात रिट करणार म्हणून, मग कोर्टात जमा केले. उशीर माफ केल्याच्या आदेशाविरुद्ध घटनेच्या कलम 227 खाली रिट करता येतं, आणि पुष्कळ लोक करतातही. काकांनी शेवटी केलं नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

त्यानंतर कुठे अपिलाला नंबर पडला. स्थगितीचा अर्ज त्याच आठवड्यात दिला. कोर्टानं अपील निकाली निघेपर्यंत ठरलेल्या पाळीला पाणी घेऊ द्यायचं, वीजबिलाचा हिस्सा दर महिन्याला द्यायचा, असा आदेश केला. पहिल्या महिन्यात हिशोबावरून भांडण झालं, आता दोन्ही घरं बिलाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात आणि पुढे काही बोलत नाहीत.

अपील अजून चालू आहे. खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड यायला वेळ लागला, मग न्यायाधीशांची बदली झाली, बोर्ड, म्हणजे कोर्टाची रोजची यादी, जड आहे. कोणीतरी हरेल आणि दुसरं अपील करेल. त्याला नव्वद दिवस असतात, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो, आणि आता मुंबईला जायची गरज नाही, 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सांगली त्यातच येतं. दादा ती बेंच बघून आला, उगीचच, दुसऱ्या कामाला गेला होता तेव्हा. आधीचे वकीलसाहेब अण्णांना बाजारात भेटले की थांबून तब्येत विचारतात. पुढची तारीख जानेवारीतली पडली आहे.